वरच्या खुणेला टिंब नाही

नाना, तुमचा धक्का अजून झालेला नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे आणि मला या वयात दम धरवत नाही. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक निळा फलक उभा आहे, 'बोटिंग जेट्टी व घाट सुशोभीकरण, काम प्रगतीपथावर'. फलकाचे दोन्ही खांब गंजलेत, त्यातला एक कललाय, आणि प्रगतीपथ म्हणजे फलकामागची पायवाट, तिच्यावर घाणेरीची झुडपं माजलीत. जेट्टी म्हणजे तुमचा धक्का बरं का. धक्का म्हणजे होडी लावायची जागा, हे आता नाशकात कोणाला कळत नाही. परवा गंगापूर रोडवर रिक्षावाल्याला म्हटलं, जुन्या धक्क्याकडे घे, तर त्यानं मागे वळून फार मायेनं विचारलं, "कोणाला बसला, आजी?" मी म्हटलं, "अजून कोणाला नाही, पण तू असाच मागे बघत रिक्षा चालवलीस तर मला बसेल."

तुम्ही असतानाच धरणावरून थेट पाणी यायला लागलं होतं आणि वॉटरवर्क्सच्या पंपघराला कुलूप लागलं होतं. तुम्ही गेल्यावर तुमची होडी काही वर्षं पालथी पडून होती, मग एका उन्हाळ्यात दिसेनाशी झाली. होडी बांधायच्या लोखंडी कड्या तेवढ्या राहिल्या, त्याही कोणाला उपटता आल्या नाहीत म्हणून. पायऱ्यांवर गाळ, गाळावर पाणवेली, पाणवेलींवर निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या. पंचवटीकडचे घाट दर कुंभाला धुऊनपुसून घेतात, तिथं देव आहेत. आपल्या धक्क्यावर देव नव्हता, नुसते तुम्ही होतात. मग चार वर्षांपूर्वी हा फलक लागला आणि मला वेड्यासारखा आनंद झाला. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. दर उन्हाळ्यात, पाणी संथ झालं की तुम्ही विचारायचात, "चल, होडीतून एक चक्कर मारून आणतो," आणि दर उन्हाळ्यात मी अभ्यासाचं निमित्त सांगायचे. पलीकडच्या रस्त्यावरून माझ्या वर्गातल्या मुली जात असत. खाकी अर्धी चड्डी घालून, पंपाच्या जाळीत अडकलेलं शेवाळ हातानं ओढणाऱ्या बापाच्या होडीत मला बसलेलं त्यांनी पाहू नये, असं मला वाटायचं. आता मला बसायचं आहे. तुमची होडी नाही, कुठलीही चालेल, पण त्या धक्क्यावरून, आणि गुडघे पार जायच्या आत.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी नदीकाठ प्रकल्पाच्या ऑफिसात जाते. शिपाई मला पाहिलं की पंखा एकनं वाढवतो. साहेब चहा मागवतात, तो मी घेत नाही. "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे," असं म्हणतात. मी एकदा म्हटलं, "प्रोसेसमध्ये चीजसुद्धा असतं, पण ते शेवटी डब्यातून बाहेर येतं." साहेब हसले आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले. या चार वर्षांत तीन साहेब झाले. तिघेही हसरे होते. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडताना मी उभं आयुष्य लोकांना "थांबा, लाइन मिळतेय" सांगत आले. पलीकडून लोक इतके का चिडत, ते मला आता या वयात उमगतंय.

या सोमवारी साहेबांच्या खुर्चीत एक मुलगी होती. नवी इंजिनिअर, सटाण्याकडची, केस घट्ट बांधलेले, समोर वही. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं, हेच मला विचित्र वाटलं. मग तिनं कपाटातून फाईल काढली, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं.

"काकू, हे तुमचंच पत्र ना?"

माझंच होतं. निळ्या शाईतलं, समास सोडून, शाळेत सिस्टरनी शिकवलेल्या तिरप्या वळणाचं. फलक लागला तेव्हा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मी सूचना दिली होती.

"ते हरकतीत नोंदवलं गेलंय," ती म्हणाली. "एकच हरकत आहे सगळ्या फाईलमध्ये. काम तुमच्या पत्रावर अडलंय. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"ते मला चहा विचारायचे," मी म्हटलं.

नाना, इथं मला तुमचा आवाज ऐकू आला. कॉलेजात जाताना मला रहिवासाचा दाखला हवा होता. कॉन्व्हेंटमध्ये मला इंग्रजीत आभार मानायला आणि क्षमा मागायला शिकवलं होतं, मराठीत मागायचं कसं ते कोणी शिकवलं नव्हतं. मी दाखल्यासाठी अर्ज लिहिला आणि जाता जाता आपल्या गल्लीतला दिवा लागत नाही हेही त्यात सुनावलं. तुम्ही तो वाचलात, चार तुकडे केलेत आणि ओट्यावर ठेवलेत. "अर्जात एकच गोष्ट मागायची. दोन मागितल्यास की साहेब त्यातली एक धरून बसतो, आणि ती तुला नको असलेलीच असते." मला राग आला होता, कारण अक्षर फार छान आलं होतं. या वेळीही आलं होतं. आणि या वेळी मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. धक्क्याच्या बाजूच्या भिंतीवर माझ्या वडिलांनी कोरलेल्या पुराच्या खुणा आहेत, ती भिंत जपावी. काम लवकर व्हावं. आणि तिसरं असं, 'आपला नियोजित धक्का माझ्या वडिलांच्या सर्वांत वरच्या खुणेच्या दोन फूट खाली येतो; उद्या तेवढा पूर आला, तर धक्क्यावरील माणसे पाण्यात असतील आणि आपण कोठे असाल?' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. मला ते इतकं आवडलं होतं की मी शेजारणीलाही ऐकवलं.

त्या वाक्यावर फाईल चार वर्षं बसली आहे. मुलीनं मला सरळ भाषेत समजावलं. वरची खूण खरी असेल, तर धक्का उंच करावा लागेल, म्हणजे नकाशे नव्यानं, मंजुरी नव्यानं, अजून किती वर्षं ते तीही सांगू शकत नाही. खूण खरी नसेल, तर जुन्याच नकाशावर दिवाळीनंतर काम सुरू होईल. पाण्याची पातळी लिहिलेली वॉटरवर्क्सची जुनी रजिस्टरं कुठे सापडत नाहीत. त्या काळातलं माहीतगार माणूस म्हणून माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मध्ये एक साहेब पाहणी करून गेले होते म्हणे. त्यांचा कागद तिनं दाखवला, 'अर्जदार यांचे समवेत प्रत्यक्ष स्थळपाहणी केली, खुणा आढळून आल्या नाहीत'.

"मी समवेत नव्हते," मी म्हटलं. माझा आवाज चढला, शिपायानं पंखा वाढवला. "या माणसानं तिथं पाय ठेवलेला नाही. खुणा भिंतीच्या नदीकडच्या तोंडावर आहेत. खाली उतरून मागे वळलं तरच दिसतात."

"पुलावरून पाहिलं असेल त्यांनी."

"पुलावरून काय दिसतं? रस्त्यावरून, गाडीत बसून भिंतीवरचं काही दिसत नाही, मला माहीत आहे, कारण—"

आणि मी थांबले. मग तिनं विचारलं, "पण काकू, ती वरची खूण तुमच्या वडिलांनी स्वतः पाहून केली होती ना?"

"माझ्या वडिलांनी कोरलेली आहे," मी म्हटलं.

"हो. पण पाहिलं होतं ना त्यांनी?"

समोर चहा होता. मी तो उचलला आणि प्याले.

मी तेरा वर्षांची आहे. श्रावण आहे, चार दिवस पाऊस उघडलेला नाही, तुम्हाला ताप आहे म्हणून आईनं तुमचं अंथरूण स्वयंपाकघरात उबेला घातलं आहे. सकाळी मला शाळेत जाताना तुम्ही सांगता की येताना धक्क्यावर जा, खाली उतरू नकोस, कठड्यावरून वाकलीस की पाण्यातल्या खांबावरचा, पाण्याच्या वर राहिलेला फुटांचा आकडा दिसेल, तेवढा वाचून ये. शाळा लवकर सुटते. वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीची गाडी येते आणि ती म्हणते, चल, आम्ही तुला सोडतो. गाडी धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी येते. धक्क्यावर पंपावरची माणसं घोंगड्या पांघरून उभी आहेत. मी उतरले असते, तर त्या माणसांनी मला हाक मारली असती, होडीवाल्या नानांची पोरगी आली म्हणून. आणि गाडीतल्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील इंजिनिअर आहेत. ड्रायव्हर विचारतो, इथं थांबवू का? मी म्हणते, नको, घरी.

सगळं नाशिक पूर मोजतं तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. पाणी नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. तुम्हाला याचा राग यायचा. "मारुतीला कंबर आहे, इंच नाहीत," असं म्हणायचात. त्या दिवशी ड्रायव्हर पंचवटीतून आला होता आणि म्हणाला, मारुतीच्या छातीला पाणी आलंय. आदल्या वर्षी मारुतीच्या कमरेला होतं तेव्हा आपल्या धक्क्यावर एकोणीस फूट होतं, हे मला पाठ होतं. कमरेपासून छातीपर्यंत मी तीन फूट धरले. मारुती आपल्या धक्क्यापासून कितीतरी खाली आहे, तिथलं पाणी वेगळं, इथलं वेगळं, एवढं मला कळत होतं. तरी धरले. घरी आले, तुम्ही उशीवरून मान उचललीत, रजिस्टर पिठाच्या डब्यावर होतं.

"किती?"

"बावीस फूट चार इंच."

चार इंच मी खरं वाटावं म्हणून घातले होते.

"पाण्याचा रंग?"

"तांबडा."

"नीट वाकून वाचलंस?"

"हो."

तुम्ही आकडा लिहिलात आणि डोळे मिटलेत. पुढे पाऊस उघडला तेव्हा भिंतीवरची गाळाची रेघ धुऊन गेली होती, पडताळून बघायला काही उरलं नव्हतं. ताप उतरल्यावर तुम्ही छिन्नी घेऊन गेलात आणि बावीस फूट चार इंचांवर खूण कोरून आलात. आणि तुमची लाकडी घडीची फूटपट्टी मला दिलीत. म्हणालात, "आता तू माझी माणूस." ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तिनं कधी काही मोजलेलं नाही.

सोमवारी घरी येताना मला आठवलं ते टिंब. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात कुठे दडून होतं, कळत नाही. तुम्ही रजिस्टरात जो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असे त्याच्यापुढे टिंब द्यायचात, आणि जो दुसऱ्यानं येऊन सांगितला तो मोकळा ठेवायचात. दगडावरही तसंच. खुणेची आडवी रेघ, तिच्या टोकाला छिन्नीच्या टोकानं पाडलेलं एक टिंब. मी एकदा विचारलं होतं, सांगणारा खरं बोलणारा असला तरी? तुम्ही म्हणालात, "तो खरंच बोलत असेल, पण डोळे माझे नव्हते." वरच्या खुणेला तुम्ही टिंब दिलंत की नाही, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्या भिंतीकडे त्यानंतर पाहायचंच टाळत आले, पत्रातसुद्धा आठवणीवरच लिहिलं.

काल मी गेले. चप्पल काढून हातात घेतली, तीन पायऱ्या उतरले आणि पाय सरकला. कडीला धरून उभी राहिले. खाली पाण्याशी एक बाई गोधडी आपटत होती. तिनं वर पाहिलं.

"आजी, तिथंच ऱ्हावा. शेवाळ लय हाय. काय पडलं का तुमचं?"

"नाही पडलं. त्या भिंतीवर रेघा आहेत का बघ."

"हायेत की. आम्ही दोऱ्या बांधाया खिळे ठोकलेत तिथं. तुमचं घर होतं का इथं?"

"घर नव्हतं. रेघांच्या टोकाला टिंब आहे का? बारकं, छिन्नीचं?"

ती गोधडी टाकून भिंतीपाशी गेली, बोटानं चाचपत एकेक रेघ मोजली. "खालच्या समद्यांना हाय. वरची एक हाय, तिला नाय." मग टाचा उंच करून म्हणाली, "हाये की काय? का आमच्या खिळ्याचं भोक हाय? एवढं वर दिसत नाय मला. नसंल. काय करायचंय त्या टिंबाचं, आजी? सोनं हाय का तिथं?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी काढलेलं आहे."

"मग ते कुठं जातंय," असं म्हणून ती पुन्हा गोधडीकडे गेली.

मी वरच्या पायरीवर बसून राहिले. टिंब नसेल, तर तुम्ही ती खूण ऐकीव म्हणूनच कोरलीत, म्हणजे तुमच्या हातून काही खोटं झालेलं नाही. इथपर्यंत मला समजतं. पुढचं समजत नाही. टिंब दिलं नाहीत ते नेहमीच्या रिवाजानं, की तुम्हाला संशय आला होता? संशय होता, तर ती फूटपट्टी का दिलीत? पंपावरची माणसं तुम्हाला म्हणाली असतीलच, पोरगी आली नाही म्हणून. की त्यांनाही लक्षात नसेल? आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, माझा आकडा बरोबरही असू शकतो. मी मनानं धरलेले तीन फूट त्या दिवशी नदीनंही धरले असतील. मग मी ती खूण ऐकीव आहे असं लिहून दिलं, धक्का खाली बांधला, आणि तेवढा पूर आला तर? आणि नाही लिहून दिलं, तर माझ्या अंदाजासाठी या शहराचा धक्का अजून किती वर्षं शेवाळात पडून राहील? ज्या साहेबानं न जाता पाहणी लिहिली त्याच्याबद्दल मी सोमवारी काय काय बोलले ते आठवलं की मला स्वतःचं तोंड मिटून घ्यावंसं वाटतं, आणि त्याचं वागणं बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

आज सकाळी नवा अर्ज लिहायला बसले. तुम्ही सांगितलं होतंत तसा, एकाच गोष्टीचा. 'भिंतीवरील सर्वांत वरची खूण वडिलांनी स्वतः पाहिलेली नसून ऐकीव आहे, तिच्या टोकास टिंब नाही. तरी ती तपासून घ्यावी.' कोणाकडून ऐकली, ते त्यात नव्हतं. चहा गार होईपर्यंत त्या कागदाकडे बघत बसले. मग खाली लिहिलं, 'सदर आकडा मी दिला होता व मी तेथे गेले नव्हते.' अक्षर बिघडलं. मुलगी ते वाचेल तेव्हा काय म्हणेल याची मला भीती वाटत नाही, ती नीट वाचते. भीती तुमची वाटते, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली.

हे पत्र मी त्या अर्जासोबत खणात ठेवणार आहे, फूटपट्टीखाली. अर्ज आजच द्यायचा होता, पाकीटही तयार होतं. पण पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की टिंब नाही असं मी लिहून देते आहे, आणि ते टिंब मी काही पाहिलेलं नाही. कपडे धुणाऱ्या बाईनं सांगितलं, तीही खात्रीनं नाही. या वेळीही मी वरच्याच पायरीवर होते. अर्जातल्या त्या वाक्यापुढचा पूर्णविराम मी खोडून ठेवला आहे, नाना, आणि या वाक्यापुढचाही देत नाही